मोठ्या टायरची स्टेपनी मागच्या दरवाजावर कशी बसवावी

चार चाकांचे टायर बदलले आणि स्टेपनी मात्र जुनीच राहिली, अशी अवस्था खडबडीत वाटांवर नेल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांची असते. मोठे टायर महाग असतात, पाचवा घेताना हात आखडतो आणि मूळ स्टेपनी मागच्या दरवाजावर व्यवस्थित बसलेली असते, म्हणून ती तशीच राहू दिली जाते. अडचण लक्षात येते ती टायर फाटल्यावर. २४५/७५ आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर असतो, तर २८५/७५ आर १६ चा ८३४ मिलिमीटर. एक किलोमीटर अंतरात लहान टायर साधारण ४११ फेरे घेतो आणि मोठा ३८२. म्हणजे एकाच अॅक्सलवर ही दोन चाके आली, की दर किलोमीटरला सुमारे तीस फेऱ्यांचा फरक डिफरन्शियलला, म्हणजे एकाच अॅक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीला, सतत पचवावा लागतो. सरळ रस्त्यावर एरवी जवळजवळ स्वस्थ असणारे त्याचे दाते अखंड फिरत राहतात, आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारी कळ) किंवा फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यास कडक जमिनीवर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. ज्या ठिकाणी फोर-व्हीलची खरी गरज असते, नेमकी तिथेच ती वापरता येत नाही.

म्हणून पाचवे चाक इतर चार चाकांच्याच मापाचे असावे, आणि रिमही शक्यतो तेच असावे. मात्र ते आणल्यानंतरचे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्टेपनी हे सुटे चाक असले तरी दरवाजाच्या दृष्टीने ते एक लटकते ओझे असते. ते ओझे बिजागऱ्यांनी, दरवाजाच्या पत्र्याने आणि त्यामागच्या खांबाने दररोज, प्रत्येक खड्ड्यात पेलायचे असते. जीप रँग्लर, सुझुकी जिम्नी, महिंद्रा थार यांसारख्या ज्या गाड्यांत स्टेपनी कडेला उघडणाऱ्या मागच्या दरवाजावर असते, त्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून पुढची पद्धत लिहिली आहे.

आधी पुठ्ठ्याची चकती

नवा टायर विकत घेण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याची, टायरच्या पूर्ण व्यासाची एक चकती कापावी. खिळा, दोरी आणि पेन्सिल एवढ्यावर हे काम होते. वर दिलेल्या मापासाठी दोरी ४१७ मिलिमीटर धरावी. जुनी स्टेपनी उतरवून ही चकती तिच्या स्टडवर (चाक ज्यांवर नटांनी आवळले जाते त्या आट्यांच्या दांड्यांवर) मध्य जुळवून टांगावी आणि दरवाजा सावकाश पूर्ण उघडून पुन्हा बंद करावा. चकतीची खालची कड बंपरपासून किती वर राहते, दरवाजा फिरताना ती बंपरच्या कोपऱ्याला कुठे घासते, दरवाजाच्या मुठीत हात जातो का, नंबर प्लेट, मागचा दिवा आणि रिव्हर्स कॅमेरा झाकले जातात का, हे सगळे दहा मिनिटांत दिसते.

बंपर आणि टायर यांच्यात निदान २५ मिलिमीटर अंतर असावे, कारण गाडी चालताना दरवाजा आणि स्टेपनीचा पाया, म्हणजे दरवाजावरचा स्टड असलेला आधार, थोडे हलतात. समजा, स्टडच्या वर्तुळाच्या मध्यापासून बंपरच्या माथ्यापर्यंत ४१० मिलिमीटर अंतर आहे. जुन्या टायरची त्रिज्या ३८७ असल्यामुळे तो २३ मिलिमीटर वर राहत होता आणि तेवढ्यावर निभत होते. नवा टायर मात्र सात मिलिमीटरने बंपरमध्ये शिरेल. अशा वेळी चाक वर उचलणारी जोडपट्टी लागते, आणि २५ मिलिमीटरची मोकळीक मिळवायची तर ती मध्य निदान ३२ मिलिमीटर वर नेणारी हवी. चाक वर गेले की मागच्या काचेतून दिसणारा रस्ता कमी होतो. म्हणून चकती नव्या उंचीवर चिकटपट्टीने धरून, चालकाच्या आसनावर बसून आरशात एकदा पाहावे आणि मगच उंची नक्की करावी.

ऑफसेटचे गणित

चकतीला जाडी नसते, त्यामुळे टायर दरवाजाकडे किती आत येईल आणि बाहेर किती निघेल हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी रिमचा ऑफसेट पाहावा लागतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि स्टडवर टेकणारा सपाट भाग यांच्यातील अंतर म्हणजे ऑफसेट. तो मिलिमीटरमध्ये असतो आणि बहुतेक रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण. मूळ रिम बहुधा धन ऑफसेटचे असतात. रुंद टायर सस्पेन्शनला लागू नयेत म्हणून घेतलेले रिम बरेचदा शून्य किंवा ऋण ऑफसेटचे असतात.

याचा स्टेपनीवर होणारा परिणाम मोठा आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुना टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि रिमचा ऑफसेट धन २५ असेल, तर टेकणाऱ्या भागापासून टायरची आतली बाजू दरवाजाकडे सुमारे १४७ मिलिमीटर येते. नवा टायर २८५ मिलिमीटर रुंद, पण ऑफसेट ऋण १२ असेल, तर ती सुमारे १३० मिलिमीटरच येते. म्हणजे टायर चार सेंटिमीटर रुंद झाला, तरी तो दरवाजापासून १७ मिलिमीटर दूर गेला. दरवाजावरचे जे रबरी गुटके जुन्या टायरला घट्ट टेकत होते, त्यांच्यापर्यंत नवा टायर पोहोचतच नाही. दुसऱ्या बाजूला तो रस्त्याकडे ९७ ऐवजी १५४ मिलिमीटर बाहेर निघतो.

आता वजनाकडे पाहू. मूळ चाक रिमसह साधारण ३० किलो आणि नवे ४० किलो धरले, तर वजन एक तृतीयांशाने वाढले असे वाटते. पण बिजागऱ्यांना वजनाइतकाच त्याच्या अंतराचाही भार होतो. स्टेपनीचा पाया दरवाजाच्या पत्र्यापासून १८० मिलिमीटर बाहेर असेल, तर जुन्या चाकाचा मध्य पत्र्यापासून १५५ मिलिमीटरवर होता आणि नव्याचा १९२ वर गेला. दरवाजाला बाहेर ओढणारा पीळ त्यामुळे ४६ न्यूटन-मीटरवरून ७५ न्यूटन-मीटरवर जातो, म्हणजे सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा गाडी उभी असतानाचा आहे. खडकाळ वाटेवर बसणाऱ्या प्रत्येक हादऱ्यात तो दुप्पट-तिप्पट सहज होतो, आणि गुटके टेकलेले नसतील तर चाक मोकळेपणी झुलून तो हादरा आणखी वाढवते. आपल्या गाडीची मापे घेऊन हे गणित एकदा कागदावर मांडावे. नंतरचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

दरवाजा हे पेलेल का

गाडीच्या माहितीपुस्तिकेत मागच्या दरवाजावरील चाकाच्या वजनाची किंवा मापाची मर्यादा दिली असेल, तर ती अंतिम मानावी. त्याशिवाय आहे त्या स्थितीत दरवाजा तपासावा. जुनी स्टेपनी लावलेली असतानाच दरवाजा वीतभर उघडावा, कुलपाच्या बाजूचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी धरून वर उचलावा आणि सोडावा. हे करताना दुसऱ्या माणसाने बिजागरीच्या पिनेवर बोट ठेवून उभे राहावे. पिनेत खेळ असेल तर तो डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला जाणवतो. खेळ असलेल्या बिजागरीवर जास्त वजन टाकू नये. आधी ती बदलावी.

त्यानंतर स्टेपनीच्या पायाभोवतीचा आणि बिजागऱ्यांच्या बोल्टभोवतीचा पत्रा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून, बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहावा. पत्र्याला तडा जाऊ लागला की सुरुवातीला फक्त रंगावर केसाएवढी रेघ दिसते, आणि पहिल्या पावसानंतर तिच्यातून तांबूस डाग उतरतो. नख फिरवले की ते त्या रेघेत अडकते. माझ्या एका गाडीत पायाच्या खालच्या बोल्टपाशी अशीच रेघ निघाली होती. मी मोठा टायर बसवला होता, पण गुटके जुन्याच उंचीवर ठेवले होते, आणि मधल्या बोटभर फटीकडे दुर्लक्ष केले होते. पत्रा वेल्ड करून, आतून पट्टी देऊन तो दरवाजा वाचला. तेव्हापासून मी टायरपेक्षा गुटक्यांकडे आधी पाहतो.

दरवाजा निर्दोष असेल आणि वाढ माफक असेल, म्हणजे व्यास ३३ इंचांपर्यंत आणि चाकाचे वजन ४० किलोंच्या आसपास, तर बिजागऱ्यांना जोडलेली मजबुती चौकट बसवून मूळ जागा वापरता येते, असे माझे मत आहे. या चौकटीत चाकाचा भार दरवाजाच्या पातळ पत्र्यावर न राहता बिजागऱ्यांतून थेट गाडीच्या खांबावर जातो. ३५ इंच किंवा त्याहून मोठ्या टायरसाठी मात्र दरवाजाचा नाद सोडावा आणि मागच्या बंपरवर, चॅसिसला जोडलेल्या स्वतंत्र फिरत्या दांड्यावर चाक लावावे. दरवाजा उघडण्यासाठी आधी दांडा बाजूला करावा लागतो, ही त्याची गैरसोय खरी आहे, पण त्या वजनाला दुसरी योग्य जागा नाही. छपरावर चाक नेले तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो आणि ४० किलोचे चाक एकट्याने खाली घेणे जवळजवळ अशक्य होते. टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये चाक गाडीच्या पोटाखाली असते. तिथे वरचीच पुठ्ठ्याची चकती खालून लावून पाहावी आणि सायलेन्सरच्या नळीपासून पुरेसे अंतर राहते याची खात्री करावी.

चौकट आणि चाक बसवणे

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. उतारावर जड दरवाजा आपोआप मिटतो आणि बोटे सापडतात, म्हणून सपाट जागेचा आग्रह आहे. मदतीला दुसरा माणूस असावाच.

चौकटीचे बोल्ट बहुधा बिजागरीच्याच छिद्रांतून जातात. बिजागरी हलली तर दरवाजा पुन्हा जुळवणे फार किचकट होते, म्हणून काम सुरू करण्याआधी बिजागरीच्या कडेने बारीक पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. दरवाजा बंद आणि कुलपात असू द्यावा, आणि एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट काढावेत. आधी वरची बिजागरी पूर्ण बसवावी, मगच खालचीला हात लावावा. नवे बोल्ट ८.८ किंवा १०.९ प्रतीचे असावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. छिद्र मोठे करावे लागले तर उघड्या पडलेल्या धातूला लगेच गंजरोधक प्रायमर लावावा आणि तो वाळल्यावरच बोल्ट घालावा. पत्र्याच्या मागे हात पोहोचत असेल तिथे साध्या वॉशरऐवजी रुंद पोलादी पट्टी घालावी, म्हणजे ताण मोठ्या क्षेत्रावर पसरतो.

सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजून दाखवणाऱ्या पान्याने, आवळावेत. चौकटीसोबत आलेला आकडा पाळावा. तो नसेल तर ८.८ प्रतीच्या, कोरड्या आणि स्वच्छ आट्यांच्या ८ मिलिमीटर बोल्टला साधारण २५ आणि १० मिलिमीटर बोल्टला साधारण ५० न्यूटन-मीटर पुरेसे असते. हवेवर किंवा विजेवर चालणारे यंत्र इथे अजिबात वापरू नये, कारण दरवाजाच्या आत वेल्ड केलेला नट एकदा सुटला की तो धरण्यासाठी आतला भाग कापावा लागतो.

आता स्टड. नव्या रिमचा टेकणारा भाग जुन्यापेक्षा जाड असेल, विशेषतः पोलादी रिमऐवजी अलॉय रिम आला असेल, तर स्टड अपुरे पडतात. नटाचे आटे निदान स्टडच्या जाडीइतके तरी धरले गेले पाहिजेत. १२ मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर आट्याच्या स्टडवर नट धरल्यापासून घट्ट होईपर्यंत पूर्ण आठ फेरे बसले पाहिजेत. हे फेरे हाताने फिरवत मोजावेत. सहाच बसत असतील तर लांब स्टड घ्यावेत. नटाची बैठकही रिमच्या बैठकीशी जुळली पाहिजे. शंकूच्या आकाराच्या छिद्रात सपाट नट आवळला, तर तो आज घट्ट वाटेल आणि आठवड्याने सैल होईल.

चाक उचलताना पाठीचा विचार करावा. ४० किलोचे चाक छातीपर्यंत उचलून स्टडची छिद्रे चाचपडत राहणे हे दुखापतीचे निमंत्रण आहे. ट्रॉली जॅकवर जाड फळी ठेवून चाक तिच्यावर उभे करावे, एकाने ते दोन्ही बाजूंनी धरावे आणि दुसऱ्याने जॅक सावकाश वर घ्यावा. वाटेत जॅक ठेवायला सपाट जागा नसेल, तर टायरखाली फावड्याचे पाते सरकवून दांड्याची तरफ करावी. वरच्या स्टडवर चाक आधी अडकवावे. ते एकदा टांगले गेले की बाकीचे स्टड छिद्रांत आपोआप येतात. मग सगळे नट हाताने लावून, आळीपाळीने थोडे थोडे आवळत, चाक पायावर सर्व बाजूंनी सारखे टेकले आहे ना ते पाहावे. स्टेपनीच्या नटाचा टॉर्क रस्त्यावर फिरणाऱ्या चाकापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तिकेतला आकडा पाहूनच आवळावे.

गुटके

या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग म्हणजे हे रबरी गुटके. काही गाड्यांत ते आट्यांवर बसवलेले असतात आणि फिरवून बाहेर आणता येतात. बाकीच्यांत त्यांच्या मागे जाड चकत्या घालून उंची वाढवावी लागते. आपल्या उदाहरणात टायर १७ मिलिमीटर दूर गेला आहे, तर गुटके सुमारे २० मिलिमीटर बाहेर आणावेत, म्हणजे नट आवळल्यावर रबर तीनएक मिलिमीटर दबेल.

ते नीट टेकतात की नाही हे पाहण्यासाठी गुटक्यांच्या डोक्यावर खडू घासावा, चाक लावून नट पूर्ण आवळावेत आणि पुन्हा काढावेत. टायरच्या बाजूवर प्रत्येक गुटक्याचा पांढरा ठसा पूर्ण आणि सारखा उमटला पाहिजे. एखादा ठसा अर्ध्या चंद्रासारखा असेल, तर तो गुटका टायरच्या गोलाईवर कडेने टेकतो आहे आणि त्याची जागा सरकवायला हवी. मोठ्या व्यासाच्या टायरमध्ये हे हमखास होते, कारण जुने गुटके जुन्या टायरच्या फुगवट्यासाठी आखलेले असतात. चाक कायमचे लावल्यावर गुटका आणि टायर यांच्यात कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती जाता कामा नये. रबर अति दाबले तरी चालत नाही. तसे झाले, तर पायाचे स्टड सतत ताणलेले राहतात आणि पत्रा आतून बाहेर ढकलला जातो.

दिवा, नंबर प्लेट, कॅमेरा

जीप रँग्लरसारख्या गाडीत वरचा तिसरा ब्रेक दिवा स्टेपनीच्या पायाशीच जोडलेला असतो आणि मोठ्या टायरमागे तो झाकला जातो. त्यासाठी उंच पट्टी मिळते. दिवा, नंबर प्लेट किंवा कॅमेरा यांपैकी काहीही हलवले तरी वायर बिजागरीपाशी ताणली जाऊ नये, म्हणून तिथे मोकळा वळसा ठेवावा, आणि पत्र्यातून वायर जाते त्या छिद्रात रबरी कडी बसवावी. दरवाजा दहा वेळा उघडून बंद करावा आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबून दिवा लागतो ना ते दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. नंबर प्लेट मागून पूर्ण वाचता येणे आणि तिच्यावर उजेड पडणे कायद्यानेही आवश्यक असते.

नंतरची काळजी

काम झाल्यावर प्रत्येक नटावर आणि त्याच्या स्टडवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावता नजरेनेच तपासणी होते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा पाहावेत, आणि पहिल्या खडतर प्रवासानंतर पत्रा पुन्हा तिरप्या उजेडात तपासावा.

स्टेपनीत हवा नेहमीच्या दाबापेक्षा थोडी जास्त ठेवावी, पण टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. वाटेत हवा सोडणे सोपे असते, भरणे कठीण. चाक टांगताना व्हॉल्व्ह हाताला येईल असा ठेवला, तर ही तपासणी टळत नाही. टायरच्या कडेवरचे उत्पादनाचे चार अंक टिपून ठेवावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उन्हात लटकून राहिलेले रबर न वापरताही कडक होते, म्हणून पाचही चाके आळीपाळीने वापरात आणावीत.

एकदा घरीच, गाडीतल्याच जॅकने आणि पान्याने, चाक पूर्ण बदलून पाहावे. आपल्या उदाहरणातल्या मोठ्या टायरमुळे गाडी सुमारे ३० मिलिमीटर उंच झालेली असते, आणि मूळ जॅक नवे चाक जमिनीवरून उचलण्याआधीच त्याच्या मर्यादेला पोहोचतो, असे अनेकदा आढळते. तसे झाले तर जॅकखाली ठेवायला जाड फळी किंवा अधिक उंचीचा जॅक गाडीत ठेवावा. याच सरावात काढलेले चाक स्टेपनीच्या जागी टांगूनही पाहावे, कारण वाटेत फाटलेला टायर चिखलासह परत येतो आणि तो नव्या स्टेपनीपेक्षाही जड असतो. टांगण्याआधी त्याच्या खाचांतला चिखल पहारीने खरवडून काढावा.